बीजेची कोर : दर महिन्याचे चंद्रदर्शन

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावस्येनंतरच्या एक-दोन चौकटींत बारीक अक्षरात ‘चंद्रदर्शन’ असा शब्द छापलेला असतो. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता आहे, हे मराठी घरांत मिनिटापर्यंत पाहिले जाते आणि त्यासाठी भुकेली माणसे गच्चीवर जाऊन थांबतात. परंतु ‘चंद्रदर्शन’ हा शब्द वाचून संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहणारी घरे आता फार थोडी उरली आहेत. माझ्या मते ही मोठी हानी आहे. आपल्या पंचांगातली बहुतेक सारी व्रते आता गणिताने ठरतात आणि छापील वेळेवर पाळली जातात, पण महिन्याच्या या पहिल्या कोरीचा आचार असा आहे की त्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हेच मुख्य कर्म आहे. पूजेचे साहित्य नसले तरी चालते, मंत्र येत नसला तरी चालते, पण न पाहता चंद्रदर्शन होत नाही.

महाराष्ट्रात, गुजरातेत, कर्नाटकात आणि आंध्र-तेलंगणात महिना अमावस्येला संपतो आणि शुक्ल प्रतिपदेला नवा सुरू होतो. उत्तर भारतात पौर्णिमेला महिना संपवण्याची रीत असल्यामुळे तिकडे ही कोर महिन्याच्या मध्यात येते. आपल्याकडे मात्र ती नव्या महिन्याची आकाशात दिसणारी पहिली खूण असते. कागदावरचा महिना आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो, डोळ्यांना तो बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, आणि म्हणूनच घराघरांत या चंद्राला बीजेचा चंद्र म्हणतात. (देहूला होणारी तुकाराम बीज ही फाल्गुन वद्य द्वितीया आहे, त्या रात्री उगवणारा चंद्र जवळजवळ पूर्ण असतो. त्या बीजेशी या आचाराचा संबंध नाही.)

प्रतिपदेला चंद्र का दिसत नाही आणि द्वितीयेला का दिसतो, याचे उत्तर तिथीच्या व्याख्येतच आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाने चंद्राच्या दृश्य होण्याची मर्यादाही बारा अंशांचीच सांगितली आहे : सूर्यापासून तितके अंतर पडले की चंद्र पश्चिमेस दिसू लागतो. म्हणजे प्रतिपदा संपण्याचा क्षण आणि कोर डोळ्यांच्या आवाक्यात येण्याचा क्षण हे स्थूलमानाने एकच ठरतात. आधुनिक निरीक्षकांना याहून कमी अंतरावरही कोर दिसलेली आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी १९३० च्या दशकात असे दाखवले की सूर्य-चंद्रातले अंतर सुमारे सात अंशांहून कमी असेल, तर चंद्राची उजळ कोरच आपल्यासाठी तयार होत नाही. सात आणि बारा यांच्या मधल्या पट्ट्यात हवा, उंची, क्षितिज आणि पाहणाऱ्याचा सराव यांवर सारे अवलंबून असते. साध्या डोळ्यांनी, गावातल्या गच्चीवरून, बारा अंशांचा जुना नियम आजही पुरेसा विश्वासार्ह आहे.

२०२३ सालचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. त्या वर्षी २१ मार्चच्या रात्री अकराच्या सुमारास फाल्गुन अमावस्या संपली आणि २२ मार्चला गुढीपाडवा झाला. त्या दिवशी प्रतिपदा रात्री आठनंतर संपत होती, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी चंद्र अद्याप बारा अंशांच्या अलीकडेच होता. योगायोगाने त्याच कोरीकडे देशभरातल्या मुसलमानांचेही डोळे लागले होते, कारण तिच्यावर रमजानचा प्रारंभ ठरणार होता. २२ तारखेच्या संध्याकाळी चंद्र दिसल्याची घोषणा भारतात झाली नाही. तो २३ तारखेला, म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीयेला दिसला, आणि पहिला रोजा २४ मार्चला झाला. शेकडो वर्षांपूर्वी बांधून दिलेली मर्यादा त्या संध्याकाळी अगदी जशीच्या तशी खरी ठरली. गुढी उतरवून ठेवलेल्या घरातला माणूस आणि रमजानची वाट पाहणारा माणूस हे दोघे एकाच वेळी, एकाच दिशेला, एकाच कोरीचा शोध घेत असतात. इस्लामी महिना त्या दर्शनावर उभा असतो, आपला महिना गणितावर उभा राहून दर्शनाला मान देतो. फरक तेवढाच आहे, आणि हा विचार मला नेहमी सुखावतो.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात या दिवशी फार मोठा विधी होत नसे. पश्चिमेला डोंगर असल्यामुळे अंगणातून कोर दिसण्याआधीच मावळून जाई, म्हणून आजी आम्हा मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर जाई. कोर दिसली की ती लुगड्याच्या पदराची एक दशी काढून चंद्राला वाहत असे. जुने वस्त्र घे आणि नवे दे, असे ती मनाशीच म्हणे, हात जोडे, आणि मग आमच्या तोंडात साखरेचे चार दाणे घालत असे. चंद्राला दशी वाहण्याची ही रीत महाराष्ट्रात पूर्वी बऱ्याच ठिकाणी होती. वस्त्रातला एक सुटा धागा हे दान म्हणून काहीच नाही, परंतु ज्या घरात वर्षाला दोन लुगडी येत असत, त्या घरातल्या बाईने दर महिन्याला आठवणीने स्वतःच्या अंगावरच्या वस्त्रातले काहीतरी काढून द्यावे, यात मला फार मोठी सभ्यता दिसते. मागणे होते, पण आधी देणे होते.

ज्यांना स्तोत्रे पाठ आहेत ते या वेळी नवग्रहस्तोत्रातला चंद्राचा श्लोक म्हणतात : ‘दधिशंखतुषाराभं क्षीरोदार्णवसंभवम् । नमामि शशिनं सोमं शंभोर्मुकुटभूषणम् ॥’ दही, शंख आणि हिम यांच्यासारखी कांती असलेला, क्षीरसागरातून जन्मलेला, शंकराच्या मस्तकावरचा अलंकार, अशी ही चंद्राची ओळख आहे. शंकराच्या जटेत पूर्ण चंद्र कधीच नसतो, तिथे कोरच असते. याहूनही जुना उच्चार ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात आहे : ‘नवो नवो भवति जायमानः’. जन्म घेताना तो पुन्हा पुन्हा नवा होतो, दिवसांची ध्वजा होऊन पुढे चालतो, येता येता देवांना त्यांचा वाटा नेमून देतो आणि दीर्घ आयुष्य वाढवतो, असे तिथे म्हटले आहे. लग्नाच्या सूक्तात ही ऋचा आहे, हे लक्षात घ्यावे असे आहे. नव्या चंद्राकडे आयुष्य मागण्याची भावना किती खोलवरची आहे, हे त्यावरून कळते.

चंद्र क्षीण का होतो आणि पुन्हा का वाढतो, याची पुराणातली गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या होत्या, त्या म्हणजे आपली सत्तावीस नक्षत्रे, आणि चंद्राचे मन मात्र एकट्या रोहिणीत रमले. दक्षाच्या शापाने त्याला क्षय लागला, प्रभासक्षेत्री त्याने शंकराची आराधना केली, आणि पंधरा दिवस क्षय व पंधरा दिवस वृद्धी असा उःशाप मिळाला. सोमनाथाचे नाव याच कथेशी जोडलेले आहे. या कथेच्या दृष्टीने बीजेची कोर म्हणजे आजारातून उठलेल्याचे पहिले दर्शन आहे, आणि बरे वाटू लागलेल्या माणसाला भेटायला जावे तशी आपण त्याची भेट घेतो.

मराठी माणसाने ही कोर विसरू नये, याचे आणखी एक मोठे कारण आहे. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचा आरंभच तिच्यापासून होतो : ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥’ प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि विश्वाने वंदिलेली, शहाजींचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. आपण या श्लोकातल्या वाढीवर नेहमी बोलतो, ते योग्यच आहे. परंतु ‘विश्ववंदिता’ या शब्दापाशी आपण पुरेसे थांबत नाही. उपमा तेव्हाच लागू पडते, जेव्हा ऐकणाऱ्याला ती रोजच्या जगण्यातून माहीत असते. नवी कोर दिसताच लोक हात जोडतात, हे त्या काळी कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते, म्हणून राज्याच्या मुद्रेवर ते दोन शब्दांत आले. पौर्णिमेच्या चंद्राला कवी कौतुकाने पाहतात. वंदन मात्र लोक करतात ते या रेघेएवढ्या कोरीला. आज राजमुद्रा गाड्यांच्या काचांवर आणि दारांवर सर्वत्र दिसते, चंद्रकोर कपाळावर कुंकवाने रेखली जाते, पण जिच्यावरून हे सारे घेतले, ती कोर पाहायला आपण घराबाहेर पडत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

एका दिवशी मात्र महाराष्ट्र अजूनही ती पाहतो, तो दिवस म्हणजे भाऊबीज. कार्तिक शुद्ध द्वितीयेला संध्याकाळी बहीण आधी चंद्राला ओवाळते आणि मग भावाला. ज्या बाईला भाऊ नसेल, तिने चंद्रालाच भाऊ मानून ओवाळावे, असा आपला संकेत आहे. माझ्या आईला आणि मावशीला सख्खा भाऊ नव्हता. त्या दोघी दरवर्षी निरांजन, सुपारी, अक्षता घेऊन बाहेर येत आणि पश्चिमेकडे ओवाळत असत. त्यामुळे आम्हा भावंडांच्या दृष्टीने चांदोमामा हा केवळ बडबडगीतातला शब्द नव्हता. आईने ज्याला भाऊ म्हणून ओवाळले तो आमचा मामा होता, आणि शाळेत कोणी मामाच्या गावाचे विचारले तर आम्ही हे अभिमानाने सांगत असू. समुद्रमंथनातून लक्ष्मी आणि चंद्र दोघेही आले, म्हणून चंद्र लक्ष्मीचा भाऊ आणि लक्ष्मी आई, असा या नात्याचा पुराणातला धागा आहे. परंतु भाऊ नसलेल्या बाईला सणाच्या दिवशी एकटे वाटू नये म्हणून आकाशातला एक भाऊ तिच्या नावे करून देणाऱ्या परंपरेची माया मला त्या पुराणकथेहूनही मोठी वाटते.

भाऊबीजेला ‘लवकर चला, चंद्र बुडेल’ अशी जी घाई आपल्या घरांत होते, तिलाही आकाशातले कारण आहे. चंद्र ज्या मार्गाने सूर्यापासून पुढे सरकतो, तो मार्ग संध्याकाळच्या क्षितिजाशी वर्षभर सारखा कोन करत नाही. आपल्या अक्षांशावर चैत्रात तो जवळजवळ उभा असतो, तर आश्विन-कार्तिकात क्षितिजाशी सुमारे पन्नास अंशांचाच कोन करतो. त्यामुळे सूर्यापासून पंधरा अंशांवरची कोर चैत्रात सूर्यास्तानंतर तासभर टिकते, आणि कार्तिकात तेवढ्याच अंतरावरची कोर पाऊण तासाच्या आसपास मावळते. चंद्र आपल्या कक्षेत क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या, उत्तरेला आहे की दक्षिणेला, यावरून यात थोडा फरक पडतो. कार्तिकातली कोर सूर्य मावळला त्या जागेच्या बरीच डावीकडे, नैर्ऋत्येच्या बाजूला, खाली असते. पहिली वीस मिनिटे संधिप्रकाशातच जातात, शेवटची काही मिनिटे क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत जातात, आणि ओवाळायला हाती राहतो तो वेळ अगदी थोडा असतो.

याच कोनामुळे कोरीची ठेवणही बदलते. चैत्र-वैशाखात ती पाण्यावर ठेवलेल्या होडीसारखी आडवी दिसते, दोन्ही टोके वर. भाद्रपदानंतर ती कलते आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा उंच होते. आपल्या जुन्या ज्योतिषाने याकडे इतके बारकाईने पाहिले की सिद्धान्तग्रंथांत ‘शृंगोन्नती’ नावाचे स्वतंत्र प्रकरणच असते, ज्यात कोणत्या शिंगाची उंची किती, हे गणिताने काढलेले असते. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत या आकारांना नौका, नांगर, दंड, धनुष्य अशी नावे देऊन त्यांवरून पर्जन्याची, पिकांची, राज्यांची फळे सांगितली. मराठी पंचांगांतही चंद्रदर्शनापुढे ‘मु. १५ महर्घ’, ‘मु. ३० साम्यार्घ’, ‘मु. ४५ समर्घ’ अशा नोंदी आढळतात. त्या दिवशीचे नक्षत्र पंधरा, तीस किंवा पंचेचाळीस मुहूर्तांचे असेल, त्यावरून त्या महिन्यात धान्य महाग होईल, भाव स्थिर राहतील की स्वस्ताई होईल, असा तो अंदाज असे. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा आणि शततारका ही पंधरा मुहूर्तांची, रोहिणी, पुनर्वसू, विशाखा आणि तिन्ही उत्तरा ही पंचेचाळिसांची, बाकीची तीसांची. या भविष्यावर माझा विश्वास नाही, हे स्पष्ट सांगतो. तरीही ही नोंद मला मोलाची वाटते, कारण तिच्यातून दिसते की कोर पाहणारा माणूस केवळ पुण्य जोडत नव्हता. पुढच्या महिन्यात घरात ज्वारी पुरेल का, ही त्याची काळजी तो तिच्यापाशी घेऊन जात होता.

हा आचार दर महिन्याला, न चुकता आणि सामुदायिक रीतीने पाळणारा एक समाज महाराष्ट्रातच आपल्या शेजारी राहतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पिंपरीत, चेंबुरात, नागपूरच्या जरीपटक्यातही सिंधी वस्त्या आहेत. चैत्राच्या कोरीला त्यांचे नववर्ष, चेटीचंड, असते हे सर्वांना माहीत आहे. पण प्रत्येक महिन्याची नवी कोर हाही त्यांच्याकडे ‘चंड’ म्हणून त्यांच्या आराध्य दैवताच्या, झुलेलालांच्या, उपासनेचा दिवस असतो. कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे यांनी सजवलेला बहराणा, म्हणजे पूजेचे ताट, गात-नाचत पाण्यापर्यंत नेतात, आणि पदर पसरून सर्वांच्या कल्याणाचे मागणे मागतात. मी कल्याणला राहायला आल्यापासून शेजारच्या सिंधी काकूंकडून त्या दिवशी गोड भाताची वाटी येते, आणि आमच्या दिनदर्शिकेतले ते बारीक अक्षर वाचायचे राहून गेलेच असेल, तर ती वाटी पाहून आठवते. सिंधू नदी मागे राहिली, गाव मागे राहिले, पण पश्चिमेचे आकाश आणि त्यातली कोर बरोबर आणता आली, म्हणून या लोकांनी ती इतक्या निष्ठेने जपली असावी, असे मला वाटते.

ज्यांना पाहण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. दिनदर्शिकेत चंद्रदर्शन लिहिलेल्या दिवशी सूर्य नेमका कुठे मावळतो, ती जागा लक्षात ठेवावी. पंधरा-वीस मिनिटे थांबून मग त्या जागेच्या वर, आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत वर व डावीकडे, सावकाश नजर फिरवावी. दुर्बीण असेल तर उत्तम, पण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती डोळ्याला मुळीच लावू नये. द्वितीयेला चंद्रबिंबाच्या शंभर भागांतले एक ते चार भागच उजळलेले असतात, त्यामुळे शोधायची असते ती एक बारीक पांढरी रेघ. ती एकदा सापडली की नंतर सहज दिसत राहते. आकाश थोडे काळवंडल्यावर कोरीच्या कुशीतला उरलेला गोलही अंधूक राखाडी दिसू लागतो. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असतो. मुलांना हे अवश्य दाखवावे. मोबाइलवर चंद्राची जागा दाखवणारी अॅप आहेत आणि दिशा ठरवण्यासाठी ती जरूर वापरावीत, मात्र पडद्यावरचा चंद्र पाहून दर्शन झाले असे मानू नये.

भाद्रपदात एक सावधगिरी परंपरेने सांगितली आहे. द्वितीयेची कोर पाहावी, पण दोनच दिवसांनी येणाऱ्या गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, कारण त्याच दर्शनामुळे श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला, अशी कथा आहे. एकाच पंधरवड्यात पाहण्याचा आणि न पाहण्याचा असे दोन्ही नियम शेजारी शेजारी नांदतात.

आषाढापासून भाद्रपदापर्यंत कोकणात आणि घाटमाथ्यावर पश्चिम क्षितिज बहुधा ढगांनी भरलेलेच असते. अशा वेळी आमच्याकडे पश्चिमेला हात जोडून घरात येत आणि तृतीयेला पुन्हा पाहत; तृतीयेलाही ढग असतील तर चतुर्थीला, फक्त भाद्रपदातली चतुर्थी सोडून. यंदाच्या पावसाळ्यातही आम्ही तसेच करणार आहोत, आणि दशीसाठी आईने आपल्या जुन्या सुती साडीचा पदर वेगळा काढून ठेवला आहे.